थंडी पडू दे, मंग खाय भरीत!

जपानचा सुशी शेफ ऋतू बघून मेन्यू ठरवतो, हे ऐकलं की आपण 'वॉव' म्हणतो. सावद्यातली आजी आभाळाकडं बघून चुलीवर काय चढवायचं ते ठरवते, तेव्हा मात्र आपण विचारतो, 'आज पुन्हा हेच?' ऋतू ओळखून रांधायची कला आपल्या घरात आहे. प्रश्न एवढाच आहे, की ती आपल्या हातात येणार का?

रात्रीची जेवणं झाली, गच्चीवर गादी टाकली आणि मोबाइल हातात घेतला की एकामागून एक रील सुरू होतात. त्यात कधी ना कधी तो येतोच. पांढरे कपडे, समोर लाकडी फळी, हातात लांब सुरी. माशाचा एक तुकडा कापतो, मुठीत भाताचा घास हलकेच दाबतो, दोन्ही एकत्र करतो आणि समोरच्या माणसापुढं ठेवतो. संपलं! ना फोडणी, ना रस्सा, ना कोथिंबीर. तरी आपण बघत राहतो. कारण त्या हातात काहीतरी आहे, एवढं आपल्यालाही कळतं.

सावदा, रावेर, फैजपूर, यावल या पट्ट्यात तुम्ही राहत असाल, तर एव्हाना तुमच्या मनात आलं असेल, 'ह्या पानावर आज सुशी कुठून आली? इथून समुद्र कुठं, आपण कुठं!' बरोबर आहे. आपल्याकडं तापी आहे, मागं सातपुडा आहे आणि मध्ये नजर जाईल तिथवर केळी. पण आज सुशीची रेसिपी सांगायची नाहीये. त्या माणसाच्या हातात नेमकं काय आहे ते आधी बघू. मग तेच आपल्या घरात शोधू. बघा सापडतंय का!

एका शब्दात अख्खा ऋतू

जपानी स्वयंपाकात एक छोटासा शब्द आहे, 'शुन'. एखादा मासा, भाजी किंवा फळ वर्षातल्या ज्या दिवसांत सगळ्यात चवदार असतं, ते दिवस म्हणजे त्याचं शुन. आपण ज्याला ऐन हंगाम म्हणतो ना, तेच. पण जपानी लोक तिथंच थांबत नाहीत. हंगामाचे ते तीन तुकडे करतात. पहिल्यांदा बाजारात आलेला माल म्हणजे 'हाशिरी', नव्याची नवलाई. ऐन भरातला तो 'साकारी'. आणि निरोप घ्यायला आलेला, आता पुढच्या वर्षीच भेटणारा, तो 'नागोरी'.

एकच मासा, पण त्या तीन वेळांना त्याची चव वेगळी. 'कात्सुओ' नावाचा मासा घ्या. वसंत ऋतूत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो जपानच्या किनाऱ्यानं उत्तरेकडं पोहत जातो. तेव्हा त्याच्या अंगावर चरबी कमी असते, चव हलकी असते. शरद ऋतूत तोच मासा खाऊन-पिऊन गुबगुबीत होऊन परत येतो. चांगला शेफ या दोघांना एकसारखं वागवत नाही. टोकियोचं जुनं नाव एदो. त्या काळात हंगामातल्या पहिल्या कात्सुओसाठी लोक अव्वाच्या सव्वा पैसे मोजायचे. हिवाळ्यात मान असतो तो 'बुरी' या माशाला. कडाक्याच्या थंडीत त्याच्या अंगावर चरबी चढते, आणि त्या दिवसांतल्या बुरीला जपानीत वेगळं नावच आहे.

आता खरी गंमत बघा. मुठीत दाबून करतात ती 'निगिरी' सुशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोमध्ये रुजली. १८२० च्या दशकात हानाया योहेई नावाच्या माणसानं ती लोकप्रिय केली, असं मानतात. तेव्हा फ्रिज नव्हता. मासा टिकवायचा तर मीठ, व्हिनेगर नाहीतर सोया सॉस. 'कोहादा' नावाचा छोटा मासा आजही मीठ लावून व्हिनेगरमध्ये मुरवतात. पण किती वेळ? ते कागदावर लिहिलेलं नसतं. मासा केवढा आहे, त्याच्या अंगावर चरबी किती, आज हवा दमट आहे की कोरडी, यावरून शेफ ते दररोज नव्यानं ठरवतो. भाताचंही तसंच. नव्या तांदळात ओल जास्त असते, म्हणून पाणी कमी घालायचं. जुना तांदूळ जास्त पाणी मागतो.

म्हणजे रीलमध्ये आपल्याला जो हात दिसतो, तो फक्त शेवटचा अर्धा मिनिट असतो. त्याआधी त्या हातानं समुद्र, हवा, तांदूळ आणि दिवस असं सगळं चाचपून घेतलेलं असतं. टोकियोतले जिरो ओनो हे जगप्रसिद्ध सुशी शेफ. त्यांचा जन्म १९२५ चा. त्यांच्यावरचा 'जिरो ड्रीम्स ऑफ सुशी' हा २०११ चा माहितीपट बघितला असेल, तर त्यातला एक शिकाऊ शेफ आठवेल. अंड्याचा एकच पदार्थ तो दोनशेहून जास्त वेळा करतो, तेव्हा कुठं गुरू मान डोलावतो. मग त्याच्या डोळ्यात पाणी येतं.

२०१३ मध्ये युनेस्कोनं जपानी खाद्यसंस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यासाठी जी कारणं पुढं आली, त्यात ऋतूंचा आदर हे मोठं कारण होतं.

आता मोबाइल बाजूला ठेवा. सावद्यात या.

मृगबाग म्हणजे काय, सांगा बरं!

जपानच्या जुन्या पंचांगात वर्षाचे ७२ भाग आहेत. साधारण पाच-पाच दिवसांचा एकेक छोटा ऋतू. पूर्वेचा वारा बर्फ वितळवतो, तो एक भाग. अमुक फूल उमलतं, तो दुसरा. ऐकायला फार कवितेसारखं वाटतं. पण तुमच्या आजोबांना विचारा. ते २७ नक्षत्रं धडाधड म्हणून दाखवतील. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य... सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. त्या हिशेबानं आपलं शेत चालतं. कोणत्या नक्षत्राच्या पावसावर काय पेरायचं, कुठला पाऊस पिकाला मानवतो, कुठला किडीला, हे सगळं त्यात बसवलेलं आहे.

आणि आपली केळी? शहरातल्या माणसाला वाटतं, केळं बारमाही, त्याला कसला आलाय हंगाम! पण इथल्या शेतकऱ्याच्या तोंडात दोन शब्द कायम असतात, मृगबाग आणि कांदेबाग. जून-जुलैच्या सुमारास लावलेली ती मृगबाग, नाव थेट नक्षत्रावरून. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास लावलेला तो कांदेबाग. दोन्हींची दुखणी वेगळी, नशीबही वेगळं. हिवाळ्यात पारा दहाच्या आसपास उतरला की केळीची वाढ अडते, झाड निसवायला वेळ लागतो. पावसाळ्यात करपा येतो. मे-जूनच्या वादळात घडांनी लदलेली उभी बाग एका रात्रीत आडवी होते. त्या सकाळी गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही, हे तुम्ही बघितलेलं असेल.

म्हणजे दिल्लीच्या बाजारात जे केळं 'बाराही महिने सारखंच' दिसतं, त्यामागं इथं बाराही महिने वेगवेगळा ऋतू असतो. सावद्याच्या रेल्वे स्टेशनातून केळीच्या वॅगन उत्तरेला जायच्या, हे घरातल्या मोठ्यांनी सांगितलं असेल. माल गेला. ऋतूचं ज्ञान मात्र इथंच राहिलं.

रस्त्याकडेला वेफर्सची कढई लागलेली असते ना, तिथं एकदा उभं राहून बघा. कच्चं केळं खिसणीवरून थेट उकळत्या तेलात पडतं. केळं तयार हवं, भरलेलं हवं, पण पिकायला लागलेलं नको. एकदा का आतल्या पिठाची साखर व्हायला लागली, की वेफर लाल पडतो, कडक होतो, गोडसर लागतो. उन्हाळ्यात केळं झपाट्यानं पिकतं, थंडीत सुस्तावतं. म्हणून कढईवरचा माणूस केळं सोलतानाच बोटानं ओळखतो, हे आत्ता तळायचं, ते बाजूला ठेवायचं. पावसाळ्यात वेफर्स तासाभरात सादळतात, तर पिशवीचं तोंड कधी बांधायचं तेही त्याला कळतं. शुन, शुन म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं?

वांगं आणि त्याची थंडी

आता खरा विषय. भरीत!

सप्टेंबरमध्ये पुण्याहून सुट्टीला आलेला नातू आल्या आल्या म्हणतो, "आजी, भरीत कर ना." बाजारात वांगी असतात. गॅस असतो. तरी आजी ऐकत नाही. "थंडी पडू दे, मंग खाय भरीत." नातवाला वाटतं, हट्टी आहे. आजीला माहीत असतं, की आत्ताच्या वांग्यात पाणी आहे आणि भाजल्यावर ते पानचट लागणार.

भरिताचं वांगं म्हणजे मोठं, हिरवट-पांढरं, गुबगुबीत. बामणोद, आसोदा या गावांची नावं त्याच्यासोबत घेतली जातात. आसोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. २०१६ मध्ये जळगावचं केळं आणि जळगावचं भरिताचं वांगं या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं. उन्हाच्या दिवसांत वांगं लवकर जून होतं, आत बिया भरतात, कडवटपणा येतो. गारठ्यात ते सावकाश वाढतं, गर भरदार राहतो, बी कोवळं राहतं. म्हणून दिवाळीनंतर भरिताचे बेत सुरू होतात, पौष-माघात रंगात येतात आणि होळी आली की हळूहळू उतरतात. हाशिरी, साकारी, नागोरी, घ्या!

आणि आपल्याकडं तर हंगाम उघडायची तारीखसुद्धा ठरलेली आहे. कित्येक घरांत चातुर्मासात वांगं खात नाहीत. मग मार्गशीर्षात चंपाषष्ठी येते, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि वांग्याला दार उघडतं. धर्माचा भाग ज्याचा त्याला. पण स्वयंपाकाच्या नजरेनं बघितलं तर काय शहाणपण आहे बघा. वांगं पानचट आणि किडकं असतं, नेमक्या त्या पावसाळी महिन्यांत ते ताटातून बाहेर. चवीला येतं तेव्हा थेट देवाच्या पानात.

शेतातली भरीत पार्टी तुम्ही केलीच असेल. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या यांचा जाळ करायचा. हे इंधनसुद्धा त्याच हंगामाचं. तुरी-कपाशीची रानं मोकळी होतात, तेव्हाच वांगं भरात येतं. हा जाळ पटकन पेटतो, भडकून भाजतो आणि त्याच्या धुराचा वास गरात उतरतो. गॅसवर हे होत नाही, हे खाणाऱ्याला पहिल्या घासात कळतं. भाजायला पोरं पुढं असतात. पण 'झालं का?' हे विचारायला शेवटी कुणीतरी जाणतंच लागतं. ते वांग्याच्या देठाजवळ दाबून बघतं. पोट तर लगेच मऊ पडतं, खरी परीक्षा देठापाशी असते. तिथं कच्चं राहिलं तर सगळं भरीत तुरट.

मग गरम गरम सोलायचं. पाण्याखाली धरायचं नाही, धूर वाहून जातो. लाकडी भांड्यात लाकडी मुसळीनं ठेचायचं. मिरची-लसूण ठेचून घालायचा. वरून तेलाची फोडणी, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कोथिंबीर आणि ताजी कांद्याची पात. ती पातही थंडीचीच. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून एकत्र दळलेल्या पिठाची. उडीद पचायला जड, पण थंडीत पोट ते मागतं. एका ताटात जाळ, भाजी, पात आणि धान्य असं सगळं एकाच ऋतूचं. टोकियोतला शेफ दुसरं काय करतो?

जाता जाता एक गंमत. जपानी लोकही वांग्याचे वेडे आहेत. नव्या वर्षाच्या पहिल्या स्वप्नात फुजी पर्वत, ससाणा किंवा वांगं दिसलं तर ते शुभ मानतात. आणि त्यांच्यात एक म्हण आहे, शरद ऋतूतलं वांगं सुनेला खाऊ घालू नये! का? तर इतकं चविष्ट वांगं सुनेला कशाला, असं म्हणणारी खाष्ट सासू डोळ्यांसमोर येते. काही जण मात्र म्हणतात, वांगं थंड पडतं म्हणून सुनेची ती काळजी आहे. काय खरं ते सासूलाच ठाऊक. तिकडंही आणि इकडंही!

ऊन वाया घालवायचं नसतं

मार्च सरला की आपल्याकडं ऊन नुसतं पडत नाही, ते अंगावर येतं. भुसावळ-जळगावचं तापमान राज्याच्या बातम्यांत झळकतं. आपण कूलरला चिकटतो. आणि नेमकं त्याच दिवसांत गच्च्या भरतात.

कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलायचं. मग वाटायचे, चीक काढायचा, पहाटे उठून शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून घालून मोकळं व्हायचं. बिबड्यांची ज्वारी भिजवून, आंबवून, दळून घ्यायची. तीळ, लसूण, तिखट घालून घाटा शिजवायचा आणि पातळ थापून वाळत घालायचा. लहानपणी वाळवणाची राखण करायला बसवलेले तुम्ही, त्या गरम घाट्यावर तेल टाकून वाटीच्या वाटी संपवलेली असेल. तो वाळवणाचा पगार होता.

यातला अवघड भाग कुठला? थापणं नाही. आंबवणं. फार आंबलं तर वास येतो, कमी आंबलं तर चवच येत नाही. आणि दरवर्षी एप्रिल सारखा नसतो. यंदा ऊन कडक आहे, म्हणजे दीड दिवसातच बघ, असं जी बाई नुसत्या वासावरून सांगते, ती आणि कोहादाला व्हिनेगरमधून कधी काढायचं हे ठरवणारा शेफ, दोघं एकाच शाळेतले. तसं बघितलं तर सुशीची मूळ गोष्टसुद्धा आंबवण्याचीच आहे. खूप पूर्वी मासे मीठ लावून भातात दाबून ठेवत, महिनोन् महिने. भात आंबायचा आणि त्या आंबटपणानं मासा टिकायचा. जपानमधल्या बिवा सरोवराकाठी तसली जुनी सुशी आजही करतात. मासा मिळतो त्या दिवसांत तो पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवायचा, ही युक्ती. आपण ऊन राखून ठेवतो.

याच दिवसांत येते आखाजी. अक्षय्य तृतीया म्हणतात ती पुस्तकात. माहेरवाशिणी, झोके, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी, म्हणजेच मांडे. मातीचं खापर चुलीवर पालथं, खाली जाळ, वर डोक्यावर वैशाख. मांडा पोळपाटावर लाटत नाहीत, तो हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करत नेतात आणि खापरावर अलगद सोडतात. उन्हानं कणीक लवकर सैल पडते. मग किती घट्ट मळायची, किती वेळ झाकून ठेवायची, हे त्या दिवसाच्या उष्म्यावर. याचा कुणी एक मिनिटाचा व्हिडिओ केला तर सुशीच्या रीलपेक्षा काही कमी दिसणार नाही. फक्त व्हिडिओ करणाऱ्यानं एकदा तरी त्या चुलीपाशी बसून बघावं, म्हणजे मांड्याची किंमत कळेल.

मग मृग लागतो. भाजीबाजार महागतो, चिखलानं वाटा बंद होतात आणि डब्यांतून वाळवणं बाहेर येतात. बाहेर धो धो पाऊस आणि आत कढईत फुलणारी कुरडई. एप्रिलमधलं ऊन आपण जुलैत खातो! तोवर सातपुड्याकडून रानभाज्या येऊ लागतात. कर्टुली येतात थोडे दिवस आणि जातात. आजची उद्यावर टाकली तर पुढच्या वर्षी. शेताच्या बांधावर घोळ, तांदुळजा, अंबाडी. यांतली कुठली खायची, कुठली कोवळी असतानाच खुडायची आणि कुठलीला हात लावायचा नाही, हे ओळखणारे डोळे घरटी एक तरी होते. आता तुमच्या घरात असे डोळे किती आहेत, मोजा.

शेफ कुणाला म्हणायचं?

इथं थोडं थांबू या. कारण आत्तापर्यंत वाचून छान वाटलं असेल, पण मुद्दा छान वाटण्याचा नाहीये.

आपल्या भागातली बरीच मुलं-मुली हॉटेल मॅनेजमेंटला जातात. चांगलं आहे. जा, शिका. सुशीही शिका. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलात जपानी शेफ मासाहारू मोरिमोतो यांच्या नावाचं रेस्तराँ २००४ मध्ये आलं. तेव्हापासून मोठ्या शहरांत हे खाणं चांगलंच रुळलंय. पण तिथं पहिल्या वर्षी तुम्हाला शिकवतील, 'सीझनल मेन्यू', 'लोकल इन्ग्रेडियंट', 'झीरो वेस्ट'. तुम्ही वहीत लिहून घ्याल. आणि सुट्टीत घरी आल्यावर, हे सगळं साठ वर्षं रोज करत आलेल्या बाईला म्हणाल, "आजी, तू बस, तुला नाही कळणार."

तिला कुणी शेफ म्हटलं नाही. तिच्या कामाला स्वयंपाक म्हणतात, आणि स्वयंपाक तर काय सगळ्याच बायका करतात! वाळवणाला सुट्टी नसते, खापराच्या झळेला कुणी टाळ्या वाजवत नाही. सुशी शेफसमोर माणसं पैसे देऊन बसतात आणि त्याचे हात न्याहाळतात. तिच्या हातांकडं घरातलंही कुणी बघत नाही, सगळ्यांचं लक्ष ताटाकडं. म्हणूनच हे ज्ञान पुढच्या हातात जात नाहीये. जिरोंच्या शिकाऊ मुलाला दोनशे वेळा चुकायला मिळालं. आपल्या घरात किती मुलांना भाकरी थापताना दोनदा तरी चुकू दिलंय? आणि मुलग्यांना?

दुसरी अडचण ऋतूंची. ज्या आभाळाकडं बघून आजी ठरवायची, तेच आता दगा देतं. ऐन मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी येतो आणि गच्चीवरचं वाळवण भिजतं. थंडी कधी उशिरा येते, तर कधी चार दिवसांत पसार. अशा वेळी पाठ केलेली रेसिपी काही कामाची नसते. 'नोव्हेंबर आला, करा भरीत' असं म्हणून चालत नाही. वांगं हातात घेऊन, त्याचं वजन, साल, देठ बघून ठरवावं लागतं. म्हणजे ऋतू जितका बेभरवशाचा होतोय, तितकी ती जुनी नजर जास्त गरजेची होतेय. आणि नेमकी आत्ताच ती आपल्या हातून निसटतेय.

मानांकनाचा कागद जळगावच्या वांग्याचं नाव सांभाळेल. देठाजवळ दाबून बघणारं बोट तो सांभाळू शकत नाही. ते तुम्हालाच शिकावं लागेल.

यात पोटापाण्याचा मार्गही आहे बरं का. थंडीत जळगावात भरीत सेंटरांवर होणारी गर्दी तुम्ही बघताच. बचतगटांच्या बायका पापड-बिबड्या विकतात, त्या पुण्या-मुंबईच्या आपल्याच लोकांना हव्या असतात. पण ज्या दिवशी भरीत बारा महिने एकसारखं मिळायला लागेल, त्या दिवशी ते भाजलेलं वांगं उरेल, भरीत नाही. 'आमच्याकडं भरीत फक्त थंडीतच मिळेल' अशी पाटी लावायची हिंमत करणारा तरुण कधीतरी सावद्यातून निघावा. बघा, लोक वाट बघतील. पहिल्या कात्सुओची बघायचे तशी.

एवढं करून बघा

यासाठी जपानला जायला नको, कोर्सची फी भरायला नको. एक वही पुरे.

■ ऋतूची वही : घरात या वर्षीचं पहिलं भरीत कधी झालं, पहिला आमरस कधी, कर्टुली कधी आली, वाळवण कोणत्या दिवशी भिजलं, तारीख टाकून लिहा. नक्षत्रही लिहा. तीन वर्षांनी ही वही वाचा, आपल्या गावचा ऋतू कुठं सरकतोय ते तुमच्या अक्षरात दिसेल.

■ 'अंदाजे' म्हणजे किती? : आजी म्हणते, 'अंदाजानं टाक.' ती टाकेल तेव्हा तिचा हात बघा आणि विचारा, आज कमी का? काल जास्त का होतं? अंदाज म्हणजे साठ वर्षांचं मोजमाप असतं, ते प्रश्न विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

■ भाकरीची परीक्षा : नव्या ज्वारीचं पीठ आणि जुनं झालेलं पीठ, दोन्हींची एकेक भाकरी थापा. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, भाकरी कडेनं तडकते. मग गरम पाणी घालून ती कशी सावरायची, हे आईला विचारा. सुशीच्या भाताचं गणितही तुम्हाला तिथंच कळेल.

■ एक पदार्थ, दहा वेळा : या थंडीत भरीत दहा वेळा करा. पोरांनी तर कराच. प्रत्येक वेळी वांगं वेगळं असेल. सहाव्या-सातव्या वेळी देठाजवळ बोट आपोआप जाईल.

आणि पुढच्या वेळी सुट्टीला आल्यावर आजी म्हणाली, "थंडी पडू दे", तर हसू नका. तिच्याशेजारी बसा आणि विचारा, "आजी, पडली हे तुला कशावरून कळतं?"